कासविणीची ओटी

एका जंगलाला समुद्र लागून होता.

म्हणजे कसं, तर डोंगर उतरला की करवंदाच्या जाळ्या. जाळ्या संपल्या की केवड्याचं बन. बन संपलं की पुळण. पुळण म्हणजे वाळू, पोरांनो. मऊ, पिवळी, लांबच लांब. जंगलातलं कोणी तिकडे फिरकत नसे. पाणी खारट, सावली नाही, खायला काही नाही आणि बोटांच्या बेचक्यांत वाळू जाते. एवढी कारणं असल्यावर कोण जाईल?

म्हणून तिथे सगळं नीट चाललं होतं.

थंडी पडली की समुद्रातून कासविणी यायच्या. अंधार बघून यायच्या, वर सुक्या वाळूत चढायच्या, मागच्या पायांनी खड्डा उकरायच्या, त्यात अंडी घालायच्या, वाळू लोटायच्या आणि आल्या वाटेने पाण्यात. कोणाला विचारणं नाही, कोणाला सांगणं नाही. बाळंतपण असं उरकायच्या की पलीकडच्या खडकाला पत्ता लागू नये.

पत्ता फक्त टिटवीला असायचा. तीही तिथेच उघड्यावर अंडी घालायची. टिटवीच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. पण कासवीण आली की ती चोच मिटून बसायची. बाईच्या जातीला तेवढं कळतं. निदान टिटवीच्या जातीला तरी कळत होतं.

आणखी एकाला ठाऊक होतं. दाजीबा कोल्ह्याला. तो मागाहून यायचा, वाळू उकरायचा आणि अंडी खायचा. सगळी नाही खायचा. पोट भरलं की थांबायचा, तेवढा तो सज्जन होता. पण पोट मोठं आणि वर्षं पुष्कळ. कासविणी कमी कमी होत गेल्या. होता होता एकच उरली. तिचं कोणाला काही वाटलं नाही, कारण ती आहे हेच कोणाला माहीत नव्हतं.

मग एकदा लांबच्या मुलखातून एक कुरव पक्षी उडत आला आणि वडाच्या झाडावर बसून बढाया मारू लागला. त्याच्या बोलण्याचा मतलब असा, की आमच्याकडे कासवं बघायला डोंगरापलीकडून जनावरं येतात, राहतात, जेवतात, फोटो काढतात. तुमच्याकडे असेल एखादं तर बघा, सध्या कासवाला फार मान आहे.

झालं. ज्या जंगलाने आजवर कासवाकडे ढुंकून बघितलं नव्हतं, त्याला एका दुपारीत कासवाचा कळवळा आला. कोणाच्या डोळ्यांतून तर पाणी यायला लागलं. ज्याच्या डोळ्यांतून आलं तो दाजीबा कोल्हा होता.

संध्याकाळपर्यंत मंडळ निघालं. कासवमाय संरक्षण मंडळ. अध्यक्ष म्हणून गव्याच्या बायकोला नेमलं, वत्सलाबाईला. गवा म्हणजे रानातला बैल, पण घरातल्या बैलाच्या दुप्पट. त्याची बायकोही तशीच. धिप्पाड, पांढरे पायमोजे घातल्यासारखे पाय, चालली की जमीन हलायची. जंगलात कोणाच्याही घरी बारसं असो की बारावं, वत्सलाबाई पहिली हजर. चिटणीस दाजीबा कोल्हा. त्याला का घेतलं असं एका सशाने विचारलं, तर त्याला सांगितलं की अंड्यांच्या कामाचा दांडगा अनुभव असलेला जंगलात तो एकटाच आहे. हे खरंच होतं. ससा खाली बसला.

पहिल्या सभेला टिटवीला बोलावलं. कागदावर तिच्या नावापुढे 'स्थानिक' असं लिहिलं होतं. तिला म्हणाले, कासविणीला काय काय लागतं ते सांग, मंडळ सगळं पुरवील.

टिटवी म्हणाली, "उजेड नको. आवाज नको. तुम्ही नको."

आणि ती बसली. तिचं भाषण संपलं होतं.

खरं सांगते पोरांनो, फुकट होणारं काम कोणालाही आवडत नाही. त्यात आणि काहीच न करण्याचं काम असेल तर विचारूच नका. अस्वलाने विचारलं की मग मंडळाने नेमकं करायचं काय. मोराने विचारलं की मी नाचायचं कधी. रानडुकरांनी स्वयंसेवक म्हणून गळ्यात पट्टे आधीच घालून ठेवले होते, त्यांनी विचारलं की हे आता काढायचे का.

दाजीबाने मार्ग काढला. तो म्हणाला की टिटवीताईंच्या सूचना मौल्यवान आहेत, त्यांचा फलक लावू. तसा फलक लागला. 'येथे अंधार राखा.' मोठ्ठी अक्षरं. अंधारात कोणाला वाचता येईना, म्हणून वर दिवा लावला. दुसरा फलक 'शांतता पाळा'. तो ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी भोंगा लावला आणि त्यावरून एक माकड दर थोड्या वेळाने शांतता पाळा, शांतता पाळा असं ओरडू लागलं.

कासवीण तेवढ्यावर बचावली असती. पण वत्सलाबाईच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली.

वत्सलाबाई वाईट नव्हती. हे नीट ध्यानात ठेवा. वाईट असती तर गोष्ट लवकर संपली असती. तिला रात्रभर झोप आली नाही. ती नवऱ्याला उठवून म्हणाली की ही कासवीण याच वाळूत जन्मली ना, म्हणजे हे तिचं माहेर झालं. बिचारी एवढा समुद्र पोहून बाळंतपणाला माहेरी येते आणि आपण तिला तशीच परत पाठवतो. आजवर तिची कोणी ओटी भरली आहे का? सासरचे काय म्हणत असतील? माहेरी कोणी मेलं का जिवंत आहे, असं म्हणत असतील.

नवरा हूं म्हणाला आणि कुशीवर वळला. त्याचं मत एवढंच.

सकाळी तिने मंडळात सांगितलं, "या जंगलातून लेक कोरडी गेलेली मला चालायची नाही."

सगळ्यांच्या जिवात जीव आला. करायला काम मिळालं. तांदूळ आले, नारळ आला, हळकुंड, सुपारी, खण. खणावर अर्धा दिवस वाद झाला. सांबरीण म्हणाली की कासविणीला चोळी कुठून होणार, अंगाला चारही बाजूंनी पाठ. अस्वलीण म्हणाली की होवो न होवो, खणाशिवाय ओटी म्हणजे काय भिकारणीला शिधा आहे? खण राहिला. हिरवा, जरीकाठी. ओटी भरायला पाहुणे म्हणून वाघ यायचे ठरले. ते हात लावतील, मग वत्सलाबाई भरेल.

टिटवीने एकेकीच्या घरी जाऊन सांगितलं, पुन्हा सांगितलं, ओरडून सांगितलं. सगळ्या म्हणाल्या की टिटवी जळते. तिने इतकी वर्षं अंडी घातली, तिला कोणी सुपारीसुद्धा दिली नाही, म्हणून जळते.

मग ती वेळ आली. अमावास्येच्या आसपासची रात्र, भरती वर येत होती. पुळण जनावरांनी फुलली होती. आतल्या सुक्या रानातून, जिथे समुद्र कोणी चित्रातही पाहिला नव्हता, तिथून सुद्धा कुटुंबं आली होती. पोरं वाळूत गड करत होती. माकडांकडे मोबाईल होते. कुठून आले विचारू नका, माकडांकडे सगळं येतं. प्रत्येक मोबाईलचा दिवा चालू. भोंग्यावरून शांतता पाळा चाललं होतं.

लाटेत एक काळं टोक दिसलं. कासवीण होती. तिने डोकं वर काढलं, इतके दिवे बघितले आणि ती मागे फिरली.

टाळ्या पडल्या. बायका म्हणाल्या, लाजली गं.

ती पुन्हा आली. तिला यावंच लागलं. पोटात शंभरावर अंडी, दिवस भरलेले, तिला काय घरी जाऊन उद्या येते म्हणता येतंय? जरा बाजूला जाऊन ती पाण्याबाहेर निघाली आणि अंग ओढत ओढत वर चढू लागली. पाण्यात ती पक्ष्यासारखी असते. जमिनीवर म्हणजे एखाद्या बाईने डोक्यावर जातं घेऊन गुडघ्यांवर चालावं तसं. चार हात चालायची, थांबायची, सुस्कारा टाकायची. ती थांबली की भोवतीचं कडं आणखी जवळ यायचं. ती सुक्या वाळूपर्यंत पोचली तेव्हा तिच्या तोंडापुढे वाळू नव्हती, खूरच होते.

तरी तिने मागचा पाय वाळूत घातला. एक खोंगा वाळू काढली. दुसरा काढला.

एवढ्यात वत्सलाबाई तबक घेऊन पुढे आली आणि पंचाईत झाली. ओटी भरायची कुठे? वरून बघावं तर नुसतं झाकण. तांदूळ घसरून खाली पडायला लागले. पदर नाही, मांडी नाही, बाई उभी राहत नाही.

दाजीबा कोल्हा पुढे झाला. अनुभवी माणूस. म्हणाला, "वैनीसाहेब, हिची ओटी खालच्या अंगाला असते. उलटी करा."

चार रानडुकरं पट्टे सावरत आली. त्यांनी एका बाजूने मुसंडी घातली आणि कासविणीला उताणी केली.

आता तुम्हाला सांगते. कासवीण उताणी पडली की तिला आपल्या आपण उलटता येत नाही. तिचं सगळं ओझं तिच्याच छातीवर येतं. श्वास पुरत नाही. ती चारी पाय हलवते, दुसरं काही करू शकत नाही.

तिने चारी पाय हलवले. पुळणीवर एकच कौतुक झालं. बघा बघा, सगळ्यांना हात करते आहे. पोरांनी तिला परत हात केले.

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते खारं पाणी असतं, एरवीही वाहतं. पण भोंग्यावरच्या माकडाला गहिवर आला आणि त्याने जाहीर केलं की माहेरची माया बघून कासवमायेचा बांध फुटला आहे. कितीतरी बायकांनी डोळे पुसले. सांबरीण म्हणाली की मला माझी आई आठवली.

पोट छान सपाट होतं. खण बसला, तांदूळ बसले. नारळ तेवढा बसेना. ठेवला की तिचे पाय हलायचे आणि नारळ गडगडायचा. शेवटी एका डुकराला नारळ धरून बसवलं. आता ओटी सुरू करायची, तर वाघ आले नव्हते. पाहुण्यांचा हात लागल्याशिवाय कसं सुरू करणार? निरोप आला की निघाले आहेत. थोड्या वेळाने आला की वाटेत आहेत. तोवर मोराने नाच करून घेतला. तोवर ज्यांना कासविणीबरोबर फोटो हवा त्यांनी एका बाजूने यावं असं भोंग्याने सांगितलं. रांग लागली. दाजीबा कोल्हा रांगेत नव्हता. तो मागच्या बाजूला, शेपटाजवळ, नम्रपणे बसून होता. त्याच्या तोंडाला पाणी सुटलेलं फोटोच्या गडबडीत कोणाला दिसलं नाही.

कासविणीचे पाय हळू हलायला लागले. दमली असेल, असं कोणीतरी म्हणालं. प्रवास झालाय.

टिटवी रानडुकरांच्या डोळ्यांवर झेपावली. त्यांनी मान झटकली. ती माकडाच्या भोंग्यावर जाऊन किंचाळली, तर लोकांना वाटलं कार्यक्रमातलंच आहे. मग ती वत्सलाबाईच्या कानात जाऊन बसली. अगदी कानात. तिथून तिने विचारलं, "वैनी, तुझं वासरू झालं तेव्हा बघायला किती जणी होत्या गं?"

वत्सलाबाईच्या हातातलं निरांजन तसंच राहिलं.

एकही नव्हती, पोरांनो. कळा यायला लागल्या तशी वत्सलाबाई कळप सोडून निघाली होती. कोणाला न सांगता. बांबूच्या दाट बेटात शिरली, जिथे ऊनही येत नाही. तिथे पान वाजलं तरी तिच्या अंगावर काटा यायचा. काय चाललंय बघावं म्हणून तिच्या नवऱ्याने, वासराच्या सख्ख्या बापाने, बांबूतून नुसतं तोंड आत घातलं होतं. त्याचं डावं शिंग तेव्हापासून अर्धं आहे. पडलो म्हणून सांगतो सगळ्यांना.

वत्सलाबाईने खाली बघितलं. कासविणीचा एक पाय हलत होता. बाकीचे तीन हलत नव्हते.

तिने तबक ठेवलं नाही, टाकलं. नारळवाल्या डुकराला अशी लाथ बसली की तो नारळासकट पाण्यात जाऊन पडला. वत्सलाबाईने मान वाकवली, शिंगं वाळूत रुतवून कासविणीच्या पाठीखाली घातली आणि पालथी केली. हळूच. एवढ्या मोठ्या बाईला एवढं हळू काही करता येतं हे तिच्या नवऱ्यालाही तेव्हाच कळलं.

लोक खवळले. रांगेतले तर फारच. आम्ही इतक्या लांबून आलो, पोरांचे फोटो राहिले, हा काय प्रकार. वाघांचा काय मान राहिला. वत्सलाबाई कासविणीच्या आणि त्यांच्या मधे आडवी उभी राहिली. नुसतं एकदा फुस्स केलं. वाळू उडाली. मग कोणाची पुढे यायची छाती झाली नाही. दाजीबाकडे तिने वेगळं बघितलं. तो उठला आणि हिशेबाने चार पावलं मागे जाऊन फलकाखाली बसला.

कासवीण पुष्कळ वेळ तशीच पडून होती. मग तिने श्वास घेतला. मग एक पाय ओढला. कोणाकडे बघितलं नाही, वत्सलाबाईकडेही नाही. उपकार वगैरे तिला ठाऊक नव्हते, तिला समुद्र ठाऊक होता. पाण्यात शिरली आणि गेली. हिरवा खण तिच्या पोटाला चिकटला होता, तो पहिल्या लाटेला सुटला.

टिटवी वरून तिच्या मागे गेली. खडकांच्या पलीकडे एक चिंचोळी पुळण आहे. तिथे बघण्यासारखं काही नाही. कुजलेलं शेवाळ, मेलेल्या माशांचा वास, वर जायला वाट नाही, मोबाईलला रेंज नाही. कासवीण तिथे वर चढली. तिला उजाडेपर्यंत वेळ लागला. टिटवी चोच मिटून बसली होती.

इकडे मंडळाचा अहवाल लिहून झाला. त्यात लिहिलं की सोहळा न भूतो न भविष्यति झाला, कासवमाय भारावून गेली आणि भारावलेल्या अवस्थेतच लवकर निघाली. दाजीबाला कासवमित्र पुरस्कार मिळाला. मग दुसऱ्या जंगलांनी त्याला बोलावलं. तो गावोगाव जाऊन अंडी कशी वाचवावीत यावर इतका बोलायला लागला की त्याला स्वतःला अंडी शोधायला वेळच मिळेना. कधी नव्हे ते त्याच्याकडून अंडी वाचली, ती अशी.

पुळणीवर सिमेंटचं कासव बसवलं. घडवणाऱ्याने समोर फोटो ठेवून घडवलं. फोटोंत ती उताणीच होती, म्हणून तेही उताणं झालं. ओटी भरायला उलट सोयीचं पडतं. नारळासाठी मधे खळगाही केला आहे. आता तिथे गर्दी मावत नाही.

टिटवीला वाटलं होतं की वत्सलाबाई मंडळ सोडील. सोडलं नाही. टिटवी तिच्यावर चिडली, तोंडाला येईल ते बोलली.

वत्सलाबाई म्हणाली, "मी सोडलं तर दुसरी कोणी येईल, टिटवे. आणि तिलाही काहीतरी करावंसं वाटेल."

पन्नासेक दिवस गेले. एका पहाटे टिटवीने येऊन कानात सांगितलं तशी वत्सलाबाई घरातून निघाली. मोठ्या पुळणीवर न जाता खडकांच्या तोंडाशी गेली आणि पलीकडे जायची फट आपल्या अंगाने बंद करून उभी राहिली. पाठ पलीकडे, तोंड जंगलाकडे. दोन माकडं फिरायला आली होती. तिथे काय आहे म्हणून विचारू लागली. वत्सलाबाई म्हणाली की काही नाही, घाण वास येतो. माकडं म्हणाली, वासाचं चालेल, व्हिडिओ करू. ती म्हणाली, रेंज नाही. माकडं तिथूनच वळली.

पाठीमागे वाळू हलायला लागली. बारीक बारीक आवाज आला, सुपात तांदूळ पाखडल्यासारखा. इवलीइवली पिल्लं वर आली आणि आपल्या आपण पाण्याच्या उजेडाकडे चालायला लागली. टाळी नाही, भोंगा नाही. एखादं उलटं व्हायचं, पाय मारून सुलटं व्हायचं आणि पुन्हा चालायचं.

टिटवीला राहवेना. ती खडकावर येऊन म्हणाली, "निघाली गं वैनी. एकदा तरी वळून बघ."

वत्सलाबाईची मान अर्धी वळली. तिने ती परत सरळ केली. शेपटी तेवढी हलत होती.

"नको," ती म्हणाली. "बघितलं की कोणाला तरी सांगावंसं वाटेल."

आणि शेवटचं पिल्लू पाण्यात जाईपर्यंत ती तशीच, जंगलाकडे तोंड करून उभी राहिली.

तात्पर्य : पोरांनो, कासवांवर माया करा, खुशाल करा. फक्त कासवाला ती कळता कामा नये. आणि हे ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी सिमेंटचं कासव बारा महिने उताणं आहे. येताना नारळ आपापला आणावा.